बार्शी, परंडा, भूम

अंगावरून पांढरं जातंय, पाळी नसताना रक्त दिसतंय, पण सांगायचं कुणाला? बार्शी-परंड्याकडच्या बायकांनी हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावरच काढलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ‘पिशवीचा कॅन्सर’ पसरलेला असे. अशा किती जणी गेल्या, याचा हिशेबही कुणाकडे नव्हता.

१९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कर्मचारी दवाखान्यात बसून न राहता गावोगाव फिरले, लक्षणं समजावून सांगत राहिले. तेवढ्यानेही गर्भाशयमुखाचा हा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं.

रोगाचं मूळ तोवर हाती लागलं होतं. १९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांना या कर्करोगाच्या गाठींत एचपीव्ही १६ हा विषाणू सापडला होता. शरीरसंबंधातून येणारा हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपसूक जातो. जिच्यात तो ठाण मांडतो, तिलाही कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे गाठायला वेळ भरपूर असतो.

हा रोग वेळेत कसा गाठायचा, हे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तपासलं गेलं. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काहींची एचपीव्ही चाचणी झाली, काहींची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी. काहींच्या गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. चौथ्या गटाची तपासणीच झाली नाही. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद पेटला. पेटायलाच हवा होता.

पूर्वावस्थेतला डाग गोठवून किंवा तारेच्या कड्याने कापून काढता येतो, बाई त्याच दिवशी घरी जाते. पसरलेल्या रोगाला मात्र किरणोपचार आणि केमोथेरपीचे हेलपाटे घालावे लागतात. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही आली आहे. ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना देणं सर्वांत फायद्याचं. पण लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीला अडवत नाही, म्हणून ती घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी. आणि पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर पुढच्या आठवड्यावर न ढकलता डॉक्टरांकडे जावं.