गाडी रात्री कुठं बांधायची?

विजेवर चालणारी गाडी घेतली की लग्नकार्यात हातात ताट घेऊन उभं असताना लोक हमखास तीन प्रश्न विचारतात. एका चार्जिंगमध्ये किती चालते? बॅटरी गेली तर केवढ्याला पडते? आणि चार्जिंग करता कुठं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. तिसऱ्याला मी "आमच्या पार्किंगमध्येच" एवढं सांगून मोकळा होतो. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. पण खरी गोम त्या तिसऱ्या उत्तरात आहे, असं मला अलीकडे फार वाटायला लागलंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

गाड्यांचा इतिहास लिहिणारे बहुतेक करून इंजिनांचा, वेगाचा आणि कंपन्यांचा इतिहास लिहितात. गाडी वापरणाऱ्याचा इतिहास निराळा असतो. त्याच्या लेखी गाडी म्हणजे दावणीचा बैल. कामाला किती येतो ते महत्त्वाचं आहेच, पण त्याला खायला काय घालायचं, आजारी पडला तर कुणाकडे न्यायचं आणि रात्री कुठं बांधायचं, हे रोजचे प्रश्न. आमच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नांची उत्तरं कशी बदलत गेली ते बघण्यासारखं आहे.

आमच्याकडे १९८४ साली सेकंडहँड फियाट आली. आम्ही फियाटच म्हणायचो, कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी' होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन तिथं फियाट तयार होऊ लागल्या. १९७० च्या दशकात 'पद्मिनी' हे नाव आलं, पण लोकांच्या तोंडून फियाट काही गेली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढं बाकासारखी लांब सीट.

तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. वाड्याच्या दरवाज्यातून सायकल आत नेतानासुद्धा हँडल वाकडं करावं लागे, गाडीचं तर नावच नको. ती बाहेर बोळात भिंतीला चिकटून उभी असायची. तिथं उभं राहून तिचं काही अडत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अडायचं ते सकाळी. विशेषतः थंडीत. बाबा चोक ओढून स्टार्टर मारायचे, आवाज दमत दमत खाली यायचा आणि बाबा म्हणायचे, "उतरली." म्हणजे बॅटरी उतरली. मग वाड्यातली पोरं धक्का मारायला. याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्या गाडीला डायनॅमो होता आणि इंजिन चांगलं जोरात फिरलं तरच तो बॅटरी भरायचा. पेठांमधलं दोन-चार किलोमीटरचं रखडत जाणं, त्यात संध्याकाळी दिवे लावलेले, म्हणजे आवक थोडी आणि खर्च फार.

दोन-तीनदा धक्का मारून झाला की बॅटरी काढून स्कूटरवर पायांपाशी ठेवायची आणि नाना पेठेत बॅटरीवाल्याकडे न्यायची. ते दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. लाकडी फळीवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या, एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला, झाकणं उघडी, आतून बारीक बुडबुडे आणि नाकात जाणारा अ‍ॅसिडचा वास. तिथल्या काकांच्या सगळ्या शर्टांना पोटापाशी भोकं पडलेली असत. ते काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढून आतला तरंगणारा काटा बघायचे आणि डॉक्टरनं रिपोर्ट सांगावा तसं सांगायचे, "एक घर मेलंय." बॅटरीत दोन-दोन व्होल्टची सहा घरं असतात, त्यांतलं एक. मग रात्रभर चार्जिंग. तोवर काका भाड्यानं दुसरी बॅटरी द्यायचे, म्हणजे गाडी बंद पडायला नको.

गंमत बघा. बारा व्होल्टची, साठ अँपिअर-अवरची ती बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात विजेचं पाऊण युनिटसुद्धा मावत नसे. तेवढ्यासाठी केवढा तो व्याप!

दुरुस्तीचं तेच. डिकीत एक पत्र्याची पेटी असायची. तिच्यात जादा फॅनबेल्ट, कंडेन्सर, दोन प्लग, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, तारेचा तुकडा आणि एक जुना पंचा. खंडाळ्याच्या घाटात उन्हात गाडी चढताना पेट्रोलची पंपातच वाफ होऊन बसायची आणि गाडी गचके देत थांबायची. मग तो पंचा ओला करून पंपाला गुंडाळायचा आणि दहा मिनिटं दरी बघत बसायचं. रेडिएटरसाठी पाण्याचा डबा वेगळा. ही परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीतून मानहाइमहून फोर्टझाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं आणि इंधन घेतलं ते चक्क औषधांच्या दुकानातून. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास करणारी बाई स्वतःची मेकॅनिकही होती.

आता कुणी म्हणेल, काय मजा होती त्या दिवसांत! आमच्या आईला विचारा. नेसत्या पैठणीनिशी पळस्प्याजवळ दोन तास झाडाखाली बसलेली बाई त्याला मजा म्हणत नाही :)

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीत तिच्या मालकाच्या हाती पडली. आमच्याकडे मारुती यायला १९९३ उजाडलं. अल्टरनेटर असल्यामुळे इंजिन हळू फिरतानाही बॅटरी भरायची. बॅटरीवाल्या काकांकडे महिन्या-दोन महिन्यांनी होणारी फेरी तीन-चार वर्षांवर गेली. डिकीतली पेटी पहिल्या दिवाळीत माळ्यावर गेली ती कायमची. पुढं २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि झाडाखालच्या मेकॅनिकच्या पान्यापेक्षा वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरला जास्त कळायला लागलं. मालकाच्या हातातली विद्या गेली, पण रविवार परत मिळाला. बाबांना पहिल्या गोष्टीचं थोडं वाईट वाटायचं, आईला दुसरीचा आनंद होता. असो.

आता विजेच्या गाडीकडे येतो. त्यासाठी जरा अमेरिकेत जावं लागेल, कारण हा प्रयोग तिथं एकदा पुरता होऊन गेलेला आहे. १९०० च्या आसपास तिथं वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या अशा तिन्ही गाड्या रस्त्यावर होत्या आणि पेट्रोलची जिंकेल असं छातीठोकपणे कुणी म्हटलं नसतं. विजेच्या गाडीला हँडल मारावं लागत नसे, गिअर नाही, धूर नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी १९०७ पासून निघायला लागली. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा हीच गाडी चालवायची. नवरा पेट्रोलच्या गाड्यांचे डोंगर रचत होता आणि बाईसाहेब विजेच्या गाडीतून बाजारात!

मग ती हरली का? एक कारण नेहमी सांगितलं जातं. चार्ल्स केटरिंगनं सेल्फ-स्टार्टर तयार केला, तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि पेट्रोलच्या गाडीला हँडल मारायची कटकट संपली. म्हणजे पेट्रोलची गाडी जिंकली ती पोटात एक छोटी बॅटरी आणि छोटी मोटर घेऊन. बाबा नाना पेठेत न्यायचे ती हीच बॅटरी!

पण वापरणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. ज्याच्याकडे वीज आलेलं घर आणि घराला लागून गॅरेज होतं तो गाडी घरी चार्ज करू शके. ज्याच्याकडे नव्हतं त्याला गाडी सार्वजनिक गॅरेजात ठेवावी लागे. तिथली माणसं रात्री ती चार्ज करत, धूत, बॅटरीत पाणी घालत आणि सकाळी दारात आणून उभी करत. छानच, पण ते शहरात, आणि महिन्याचं भाडं परवडणाऱ्याला. त्या काळी अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत वीज पोचलीच नव्हती. पेट्रोल मात्र डब्यात घालून कुठल्याही खेड्यातल्या वाण्याच्या दुकानात ठेवता यायचं. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीनं यावर तोड काढली होती. ट्रक तुम्ही घ्या, बॅटरी आमची, उतरली की बदलून देऊ, मैलामागं पैसे द्या. थोडक्यात आमच्या बॅटरीवाल्या काकांचाच धंदा, मोठ्या प्रमाणावर. १९२४ पर्यंत तो चालला, मग बंद झाला.

आपल्याकडे २००१ साली बंगळूरची रेवा आली. शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये ऐंशीएक किलोमीटर, आणि चार्जिंग घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर. ती घेऊ शकेल असा माणूस डोळ्यांपुढं आणा. त्याच्याकडे अंगण असणार. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून कुणी गाडी चार्ज करत नाही. नंतर जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, तीस युनिटांच्या बॅटरीची. म्हणजे बाबांच्या फियाटच्या चाळीसेक बॅटऱ्या हिच्या पोटाखाली बसवल्यासारखं. योगायोग असा की ती तयार झाली रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात.

माझी गाडी त्याच जातकुळीची आहे. रोजच्या वापरात तिची काही तक्रार नाही. दिवसाला चाळीस किलोमीटर चालते, सहाएक युनिटं खाते, रात्री दोन-अडीच तासांत भरून जाते. ना ऑइल, ना प्लग, ना फॅनबेल्ट. मुंबईहून येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर चढायला मुळात अडीच युनिटं लागतात, हे मी शाळेतल्या गणितानं काढलं आणि गाडीच्या पडद्यावर जवळपास पटलं. उतरताना त्यातली काही परत मिळतात. बाबा असते तर घाटात आकडा वाढताना बघून त्यांनी गाडी थांबवून बोनेट उघडलं असतं!

पण हे सगळं सुखाचं चाललंय ते एका भिंतीमुळे. माझ्या नावचं पार्किंग, त्याला भिंत, भिंतीवर माझ्या मीटरमधून ओढलेलं सॉकेट. मागच्या महिन्यात विजेवरच्या एका टॅक्सीनं स्टेशनला जात होतो. ड्रायव्हरशी साहजिकच गाडीबद्दल बोलणं निघालं. दिवसाला दोनशे किलोमीटर चालवतो, माझ्या पाचपट. राहतो भाड्याच्या खोलीत, गाडी गल्लीत. "चार्जिंग पॉइंटला दिवसा रांग असते साहेब, म्हणून पहाटे चारला जातो. चार्ज होईस्तोवर गाडीतच झोपतो." तिथं युनिटचा दर माझ्या घरच्या दराहून बराच जास्त, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी.

म्हणजे सगळ्यांत जास्त गाडी चालवणारा माणूस सगळ्यांत महाग वीज घेतो. कारण काय, तर त्याच्याकडे भिंत नाही. बाबांची फियाट बोळात उभी असायची, पण पंपावर गेल्यावर बोळवाल्याला आणि प्रभात रोडच्या बंगलेवाल्याला पेट्रोल एकाच भावानं मिळायचं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालल्या. त्या सगळ्या आयुष्यभर रस्त्यावर झोपल्या, पण दावणीला जागा नाही म्हणून कुणा टॅक्सीवाल्याचा चारा महाग झाला नव्हता. मोटारीच्या इतिहासात एवढी साधी समता आपण फुकटात मिळवली होती आणि आपल्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्या सोसायटीत स्वतःचं पार्किंग नसलेली अकरा घरं आहेत, बहुतेक भाडेकरू. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दोन सामायिक पॉइंट बसवावेत, मीटर स्वतंत्र, वापरेल त्यानं युनिटप्रमाणे पैसे द्यावेत, असा अर्ज मी कमिटीला दिलाय. आग लागेल, लोड वाढेल, भाडेकरूंसाठी आपण का, असे तीन आक्षेप आलेत. लोडचा आक्षेप खरा आहे. एक सॉकेट गिझरएवढी वीज ओढतं, पण तासन् तास. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं ठरलंय. आगीच्या भीतीवर चांगलं वायरिंग हा उपाय आहे. तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे या लेखाखेरीज उत्तर नाही. पुढच्या रविवारी सभा आहे.

जाता जाता : वाड्याच्या बोळातल्या त्या फियाटचा फोटो आत्याकडे किंवा नाशिककरांकडे असेल तर कृपया पाठवा. आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्या सोसायटीत अशी काही सोय झाली असेल तर कशी केलीत, पैशांची वाटणी कशी ठरवलीत, ते रविवारच्या आत जरूर कळवा.