गोंडवनाचे अभयदान

परमुलखातील माणसांना आवर्जून बोलावून वसविलेली नगरे हिंदुस्थानात थोडी नाहीत; परंतु बोलावणाऱ्याच्या घराण्याला आपल्या पाहुण्याकडूनच राज्य गमवावे लागले, आणि पुढे त्या पाहुण्याचाच वंशज परागंदा होऊन आला असता त्या आश्रयदात्यांच्याच जातभाईंनी त्याला आपल्या डोंगरात जिवापलीकडे जपले, असा योग नागपूरखेरीज दुसऱ्या कोणत्या नगराच्या इतिहासात आला असेल असे मला वाटत नाही. ही हकीकत तुकड्यातुकड्यांनी पुष्कळांना ठाऊक आहे. तिचा पूर्वार्ध गोंड राजांच्या प्रकरणात आणि उत्तरार्ध इंग्रजांच्या लढायांच्या प्रकरणात विखुरला गेल्यामुळे ती एकसंध मात्र क्वचितच सांगितली जाते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ मध्ये ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. त्याने हे नगर कोणासाठी वसविले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याचे स्वतःचे लोक जंगलात आणि डोंगरात सुखाने नांदत होते. नांगराखाली आलेली जमीन थोडी आणि पडीक फार, अशी त्या मुलखाची अवस्था होती. ती पालटावी म्हणून त्याने हिंदू आणि मुसलमान शेतकरी, कारागीर, उदमी यांना चहूंकडून बोलावून आणले, त्यांना जमीन दिली आणि अभय दिले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी नागपूरचा इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याने या मुलखाविषयी १८२७ मध्ये जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही बख्त बुलंदाच्या कारकिर्दीत झालेल्या या भरभराटीची प्रांजळ नोंद आहे. आज नागपुरात जी घराणी स्वतःला पिढीजात नागपूरकर म्हणवितात, त्यांतील बहुतेकांचे मूळपुरुष कधी ना कधी या मुलखात परके म्हणूनच आले, आणि त्यांना पहिली जागा गोंड राजाने करून दिली.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. उपकार विसरण्याचा दोष बख्त बुलंदाला स्वतःलाही लागला होता. गादीच्या भांडणात त्याने औरंगजेबाचा आधार घेतला, बादशहाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला, ‘बख्त बुलंद’ हा किताब त्याच्याकडूनच मिळविला, आणि पुढे मोगलाई दुर्बळ होताच मोगलांच्याच मुलखात स्वाऱ्या केल्या. तेव्हा संतापलेल्या बादशहाने त्याचा किताब फिरवून त्याला ‘निगून बख्त’, म्हणजे हतभागी, असे संबोधण्याचा हुकूम केला. राजेरजवाड्यांच्या व्यवहारात कृतज्ञतेचे आयुष्य असे फार अल्प असते, आणि त्याचे प्रत्यंतर बख्त बुलंदाच्या वंशजांना लवकरच यावयाचे होते.

बख्त बुलंदाचा मुलगा चाँद सुलतान याने राजधानी देवगडाहून नागपुरास आणली, शहराला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. त्यालाच आपण आज गांधीसागर म्हणतो. चाँद सुलतान वारला तेव्हा वली शहा याने गादी बळकावली, आणि राणी रतनकुँवर आपल्या दोन मुलांसह, बुऱ्हाण शहा व अकबर शहा यांच्यासह, निराधार झाली. शेजारच्या वऱ्हाडात भाम येथे ठाणे देऊन राहिलेला रघूजी भोसले हा त्या वेळी उगवता सरदार होता. राणीने त्याला मदतीस बोलावले. रघूजी आला, पाटणसावंगीकडे लढाई झाली, वली शहाचा निकाल लागला आणि हक्कदार मुलांना गादी मिळाली. राणीने रघूजीला आपला तिसरा पुत्र मानून राज्याचा तिसरा हिस्सा त्याला दिला, असे नागपूरच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. तो मोबदला घेऊन रघूजी वऱ्हाडात परतला. येथपर्यंत दोन्ही पक्षांनी आपला धर्म पाळला असेच म्हटले पाहिजे. संकटात धावून येणाऱ्याने काम केले, आणि ज्याचे काम झाले त्याने हात आखडला नाही.

पुढे दोघा भावांत बेबनाव झाला, थोरल्याने पुन्हा रघूजीस पाचारण केले, आणि १७४३ मध्ये रघूजी दुसऱ्यांदा नागपुरात आला तो परत जाण्यासाठी आला नाही. ओसरी दिली म्हणजे पाहुणा हातपाय पसरतो, अशा अर्थाची आपल्याकडे म्हणच आहे. अकबर शहाला त्याने हाकून लावले. बुऱ्हाण शहाला मात्र ठार केले नाही, हाकलले नाही, त्याचा राजा हा किताबही काढून घेतला नाही. नागपुरातच किल्ल्यात त्याला राहावयास जागा दिली, उत्पन्नाचा ठराविक वाटा बांधून दिला, आणि सत्ता तेवढी स्वतःकडे ठेवली.

यानंतर जी वहिवाट पडली तिच्याकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. भोसल्यांच्या गादीवर नवा पुरुष बसला म्हणजे त्याच्या कपाळी राजटिळा लावण्याचा मान गोंड राजाच्या वंशजाचा असे, आणि वसुलाच्या काही कागदांवर त्या गोंड राजाचीच मोहर उमटत असे. ज्याचे राज्य घेतले त्याच्याच हाताने आपल्या कपाळी टिळा लावून घ्यावयाचा! यात रघूजीचा मुत्सद्दीपणा होता, हे जेंकिन्सनेही ओळखले आहे. आपण पुण्याच्या पेशव्यांचे ताबेदार नसून दुसऱ्या एका पुरातन राजवंशाचे प्रतिनिधी आहोत, हे दाखविण्यास त्याला गोंड राजाचे नाव हवे होते. परंतु मला त्या वहिवाटीत निव्वळ हिशेब दिसत नाही. केवळ हिशेबच असता तर पेशवाई मोडकळीस आल्यावर तो टिळा आणि ती मोहर दोन्ही निरुपयोगी म्हणून टाकून देता आली असती. ती टाकली गेली नाहीत. आपण कोणाच्या घरात राहतो याची जाणीव त्या घराण्याच्या मनातून पुरती पुसली गेली नव्हती, एवढे तरी त्यावरून समजावे. ऋण फेडले नाही, पण ऋण नाकारलेही नाही, असा तो मधला मार्ग होता.

डोंगरातल्या गोंडांच्या वाट्याला मात्र हा मानाचा टिळाही आला नाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीचा कटक आणि वऱ्हाडचा मुलूख गेला, तेव्हा ती तूट भरून काढण्यासाठी उरलेल्या मुलखावर त्याने अशी करडी वसुली लादली, की लोक आपल्या राजाला ‘बडा बनिया’ म्हणू लागले. महादेवाच्या डोंगरांतील जमीनदारांना भोसल्यांविषयी प्रेम वाटावे असे त्या काळात काही घडले नव्हते. पुढील प्रसंग वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दुसरा रघूजी मार्च १८१६ मध्ये वारला. त्याचा मुलगा परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बळ असल्याने कारभार रघूजीचा पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब याच्याकडे आला. त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत आढळला, आणि त्या मृत्यूचा आळ आप्पासाहेबावर आला तो अखेरपर्यंत सुटला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखांना सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचा पराभव झाला, आणि मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांचा कैदी झाला. त्याला अलाहाबादेस नेण्याचे ठरले.

जबलपूरच्या वाटेवर मे महिन्यातील एका रात्री पहारा बदलण्याच्या वेळी आप्पासाहेब शिपायाच्या पोशाखात तंबूबाहेर पडला. पहाऱ्यावरील काही शिपाई आधीच फितविलेले होते. तंबूत बिछान्यावर उशी ठेवलेली होती आणि दोन सेवक नित्याप्रमाणे धन्याचे अंग चेपीत बसले होते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने आत डोकावून पाहिले, त्याला सर्व यथास्थित दिसले, आणि तो निघून गेला. त्या दोन सेवकांची नावे मला कोठे आढळली नाहीत. सकाळी आपले काय होणार हे त्यांना पुरते कळत असले पाहिजे, तरीही ते उशी चेपीत बसले.

आप्पासाहेब गेला तो पचमढीच्या बाजूच्या महादेवाच्या डोंगरात. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा याने त्याला ठेवून घेतले. येणारा माणूस कोण होता, याचा विचार करावा: ज्या रघूजीने गोंडांचे राज्य घेतले त्याचा पणतू, ज्याने जबर वसुली केली त्या राजाचा पुतण्या, राजहत्येचा आळ डोक्यावर असलेला, आणि बदल्यात देण्यासारखे हाती काहीही न उरलेला. इंग्रजांनी त्याला पकडून देणाऱ्यास मोठ्या रकमेचे इनाम आणि जहागीर जाहीर केली होती. डोंगरातल्या लोकांचे अन्न कोदो-कुटकीचे आणि मोहाच्या फुलांचे. त्यांच्यापैकी एकाने जरी पायथ्याच्या छावणीत जाऊन वाट दाखविली असती, तरी त्याच्या सात पिढ्यांची ददात मिटली असती. सारा पावसाळा गेला, हिवाळा आला, चोहोबाजूंनी पलटणी आवळत आल्या. इंग्रजांना राजा सापडला नाही.

चैनशहाला स्वतःचा काही मतलब नव्हता असे मी म्हणत नाही. इंग्रजांचा अंमल डोंगरात येऊ नये, ही त्याची इच्छा उघड होती, आणि परागंदा राजा पदरी असण्यात त्याला बळही वाटले असेल. परंतु चैनशहाचा मतलब चैनशहापुरता. ज्या शेकडो साध्या माणसांना आप्पासाहेबाचा ठावठिकाणा ठाऊक होता, ज्यांनी त्याच्या माणसांना धान्य पोहोचविले, वाटा दाखविल्या, पलटणींच्या बातम्या आणल्या, त्यांना कोणत्या राजकारणाचा लाभ होणार होता? दारी आलेल्याला हवाली करावयाचे नाही, एवढेच त्यांना समजत होते, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. याची साक्ष कोणत्याही गोंडाने लिहून ठेवलेली नाही. ती मिळते शत्रूच्या कागदांत, आणि म्हणूनच ती मला अधिक विश्वसनीय वाटते.

या आतिथ्याची किंमत डोंगराने भरली. जुलै १८१८ मध्ये मुलताईजवळ आप्पासाहेबाच्या पक्षाच्या अरबांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढल्यावर इंग्रजांनी जोर धरला, आणि पावसाळा सरताच पलटणी डोंगरात शिरल्या. १८१९ च्या आरंभी आप्पासाहेब चितू पेंढाऱ्याबरोबर निसटून अशीरगडाकडे गेला. चैनशहा मात्र कोठे जाणार? त्याचा डोंगर त्याला उचलून नेता येत नव्हता. तो इंग्रजांच्या कैदेत पडला. अशीरगडचा शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याच्यावरही आप्पासाहेबाला थारा दिल्याचा आरोप आला, आणि एप्रिल १८१९ मध्ये किल्ला पडला. आत आप्पासाहेब नव्हताच.

त्यानंतर बैराग्या-फकिरांच्या वेषात हिंडत तो पंजाबात गेला. रणजितसिंगाला इंग्रजांचा स्नेह गमवावयाचा नव्हता, म्हणून तेथे फार काळ निभाव लागला नाही. काही वर्षे मंडीच्या पहाडात काढून १८२९ मध्ये तो जोधपुरास आला आणि नाथपंथीयांच्या महामंदिरात त्याने शरण घेतली. महाराजा मानसिंगाकडे इंग्रजांनी त्याची मागणी केली. मानसिंग स्वतः इंग्रजांच्या तहाने बांधलेला होता, तरीही शरणागताला देवळातून काढून देण्यास त्याने नकार दिला, आणि अखेर त्याच्याच जामिनावर आप्पासाहेबाला तेथे राहू देणे इंग्रजांना भाग पडले. १८४० मध्ये तो जोधपुरासच वारला. मानसिंगाचा हा बाणेदारपणा थोर खरा, आणि इतिहासकारांनी त्याची योग्य ती वाखाणणी केली आहे. मात्र मानसिंगामागे राज्य होते, गादी होती, रजपुतांच्या शरणागतवत्सलतेची गाजलेली परंपरा होती. हर्रईच्या डोंगरातल्या माणसांमागे यांपैकी काहीच नव्हते, आणि त्यांची वाखाणणी कोणी केली नाही.

नागपुरात पुढे उपकाराचे माप आणखी एकदा उलटे पडले. तिसरा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारला आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले; वाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस मातीमोल विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले. तरीही १८५७ मध्ये दुसऱ्या रघूजीची वृद्ध विधवा बाकाबाई हिने आपल्या माणसांना आवरून धरले आणि नागपूर इंग्रजांच्या हातचे जाऊ दिले नाही. तिचा तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद होतो. त्या मदतीनंतर भोसल्यांना परत मिळाले ते ‘राजे बहादूर ऑफ देऊर’ हा किताब आणि काही जमीन-नेमणूक. राज्य मिळाले नाही. एका शतकापूर्वी गोंड राजाला जे मिळाले होते, जवळपास तेच.

नागपूरने बख्त बुलंदाचे स्मरण ठेवले आहे, भोसल्यांचेही ठेवले आहे, आणि ते उचितच आहे. चैनशहाचे नाव मात्र इंग्रजी गॅझेटियरांच्या बाहेर फारसे आलेले नाही. महाशिवरात्रीला आणि श्रावणात नागद्वारीला विदर्भातून हजारो माणसे त्रिशूळ घेऊन, हरहर महादेवाचा गजर करीत त्याच डोंगरांत जातात. त्या वाटेने जाणाऱ्या माझ्या नागपूरकर बांधवांना माझे एवढेच सांगणे आहे, की मुलांना महादेवाची कथा सांगाल तेव्हा हर्रईच्या चैनशहाची आणि त्याच्या गोंडांचीही सांगा. ते सारे डोंगर त्यांचेच होते, आणि आपल्या राजाला त्यांनी तेथे सांभाळले आहे.