अविश्वासाचें भय

भय ही कोणासही नकोशी वाटणारी भावना आहे. अंधारांत पाऊल वाजलें तर आपण दिवा शोधतों. वाटेंत साप दिसला तर मागें सरतों. असें असतां पदरचे पैसे खर्चून आणि रांगेंत उभीं राहून दोन घटका भय विकत घेणारीं माणसें जगांत लाखांनीं सांपडतात, आणि त्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा भरणा मोठा असतो. ह्यावर वडील माणसांचें उत्तर ठरलेलें आहे: पोरांना कळत नाहीं आणि धंदेवाल्यांना लाज नाहीं. आम्हांस हें उत्तर अर्धेंच खरें वाटतें. राहिलेलें अर्धें शोधण्याकरितां अमेरिकेंत १९५३ ते १९५८ ह्या सहा वर्षांत निघालेल्या कांहीं चित्रपटांचा विचार आम्ही येथें करणार आहों. विज्ञान आणि भय ह्यांची गांठ घालून, तरुणांसाठीं आणि तरुणांनाच नायक करून काढलेले बोलपट ह्याच काळांत एका वाहत्या धंद्याच्या रूपानें उभे राहिले, आणि पुढें असल्या चित्रपटांचा जो सांचा रूढ झाला तो बऱ्याच अंशीं तेथेंच घडला.

भयापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न नवा नाहीं. भरतमुनींनीं आठ रसांत भयानकास स्थान दिलें. ॲरिस्टॉटलनें करुणा आणि भय ह्यांच्या द्वारें होणाऱ्या भावविरेचनाची उपपत्ति मांडली. आपल्याकडे न. चिं. केळकर ह्यांनीं १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत सविकल्प समाधीची कल्पना पुढें केली. स्वतःची भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेशीं समरस होण्यांत वाचकाला आनंद होतो, असा तिचा मथितार्थ. भयपटाला ही कल्पना चांगली लागू पडते. पडद्यावरचा मुलगा राक्षसापुढें धांवतो, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर धांवत असतांही आपल्या खुर्चींतून हालत नाहीं. परंतु येथें एक अडचण आहे. खुर्ची जशी नातवाला आहे तशी आजोबांनाही आहे. मग आजोबा मध्येंच उठून कां जातात, आणि नातू तोच खेळ दुसऱ्यांदा पाहण्यास कां बसतो? रसशास्त्र येथें थांबतें, आणि इतिहासाकडे वळावें लागतें.

प्रथम धंद्याची बाजू पाहूं. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां अमेरिकेंत चित्रगृहांतील प्रेक्षकांची आठवड्याची संख्या अजमासें नऊ कोटींच्या घरांत होती. त्यानंतर दहा-बारा वर्षांत ती निम्म्याच्या आसपास उतरली. घरोघर दूरचित्रवाणी आली, आणि वडील माणसें संध्याकाळीं घरींच बसूं लागलीं. तशांत १९४८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला, आणि मोठ्या कंपन्यांना आपल्या मालकीचीं चित्रगृहें सोडून देणें भाग पडलें. मोठ्या कंपन्यांनीं स्वस्त जोडचित्रें काढणेंही कमी केलें. लहान चित्रगृहवाल्यांना खेळ हवा होता, पण माल मिळेना. राहतां राहिला प्रेक्षक. तो कोण, तर ज्याला संध्याकाळीं घराबाहेर पडावयाचें असतें असा, म्हणजे तरुण मुलगा आणि त्याची मैत्रीण. मोटारींत बसूनच चित्रपट पाहण्याचें पहिलें ड्राइव्ह-इन चित्रगृह न्यू जर्सींत १९३३ सालीं निघालें होतें. १९५८ च्या सुमारास अशा जागांची संख्या चार हजारांवर गेली. वडिलांची मोटार एका रात्रीपुरती हातीं आलेल्या मुलाला ह्याहून सोयीची जागा कोणती असणार!

हा प्रेक्षक ज्यांनीं नेमका हेरला त्यांत जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ हे दोघे प्रमुख होत. त्यांनीं १९५४ सालीं काढलेली कंपनी पुढें अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. तिच्या कारभाराची रीत मोठी चमत्कारिक होती. बहुधा आधीं चित्रपटाचें नांव ठरे, मग भिंतीवरचें भडक जाहिरातचित्र तयार होई, आणि कथा त्यानंतर लिहिली जाई. प्रेक्षकांविषयींचा त्यांचा हिशेबही उघड होता: लहान मूल मोठ्या मुलाच्या आवडीचें पाहतें, मोठें मूल लहानाच्या आवडीचें पाहत नाहीं, मुलगी मुलाच्या आवडीचें पाहते, मुलगा मुलीच्या आवडीचें पाहत नाहीं, म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलावर नेम धरावा, म्हणजे बाकीचीं सारीं आपोआप येतात. ह्या हिशेबांत कलेचा गंधही नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. परंतु व्यापारी गर्दी दारापर्यंत आणूं शकतो. ती पुन्हा पुन्हा यावी असें कांहीं आंत असावें लागतें. तें काय होतें?

पुष्कळांचें उत्तर असें कीं, तें अणुबाँबचें भय होतें. ह्यांत तथ्य आहे. रशियानें १९४९ सालीं अणुस्फोट केला, १९५२ सालीं अमेरिकेनें हायड्रोजन बाँबची चांचणी घेतली, आणि शाळांतील मुलांना बाकाखालीं दडून बसण्याचा सराव देण्यांत येऊं लागला. ह्या सरावासाठीं १९५१ सालीं तयार केलेल्या एका लघुपटांत एक चित्रांतलें कांसव मुलांना अंग चोरून कसें घ्यावें तें शिकवितें. एका बाजूस शहर बेचिराख करणारें अस्त्र, आणि दुसऱ्या बाजूस एक लाकडी बाक! हा उपाय सांगणाऱ्या मोठ्या माणसांविषयीं मुलांच्या मनांत काय आलें असेल, तें सांगावयास नको. १९५४ सालच्या ‘देम!’ ह्या चित्रपटांत न्यू मेक्सिकोंतील अणुचांचणीमुळें मुंग्या राक्षसी आकाराच्या होतात, आणि अखेर सैनिक लॉस एंजेलिसच्या भुयारी गटारांत त्यांना जाळून टाकतात.

परंतु ‘देम!’ मध्यें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वाळवंटांत सांपडलेली, भयानें वाचा गेलेली एक लहान मुलगी तेथील पहिली साक्षीदार आहे. म्हातारा कीटकशास्त्रज्ञ तिच्या नाकाशीं मुंग्यांच्या आम्लाचा वास धरतो, तशी ती किंचाळते. आणि त्या एका किंकाळीवरून शास्त्रज्ञाला आपला तर्क खरा असल्याची खूण पटते. मुलानें सांगितलें, वडिलांनीं ऐकलें, सैन्य निघालें: जगाची घडी येथें शाबूत आहे. त्याच्या आदल्या वर्षीं निघालेल्या ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ मध्यें मात्र ही घडी मोडलेली दिसते. लहान डेव्हिडला रात्रीं टेकडीमागें तबकडी उतरतांना दिसते; ती पाहण्यास गेलेला त्याचा बाप परत येतो तो कोणी परकाच होऊन; आणि मुलगा पोलिसांकडे धांवतो, तर तेथला अधिकारीही तसाच झालेला! एक डॉक्टरीण आणि एक खगोलशास्त्रज्ञ त्याचें ऐकून घेतात, म्हणून बरें. तरी मनांत राहतें तें मंगळावरच्या प्राण्यांचें रूप नव्हे. बापाचा थंड पडलेला चेहरा तेवढा राहतो.

आमच्या मतें ह्या सर्व चित्रपटांच्या आकर्षणाची किल्ली येथें आहे. राक्षस भयंकर आहे खरा. परंतु राक्षस पाहिल्याचें सांगितलें असतां कोणी विश्वास ठेवूं नये, हें त्याहून भयंकर आहे. आणि ही दुसरी भीति सोळा वर्षांच्या मुलाला कल्पनेनें आणावी लागत नाहीं. ती तो रोज जगत असतो.

१९५७ सालीं निघालेला ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ हा चित्रपट पाहावा. तो सुमारें आठवड्याभरांत चित्रित झाला, आणि त्याचें नांव तेव्हां थट्टेचा विषय झालें होतें. त्यांतला टोनी हा तापट विद्यार्थी आहे. कोणी पाठीमागून हात लावला तरी तो मारावयास उठतो. सारे त्याला सांगतात, उपचार करून घे, डॉक्टरांकडे जा. तो जातो. परंतु डॉक्टर ब्रँडनला मुलगा बरा करावयाचा नाहींच. मानवजात आपल्या नाशाकडे चालली आहे, तेव्हां तिला रानटी अवस्थेकडे परत ढकलणें हाच तरणोपाय, असें त्याचें मत आहे, आणि त्या मताचा प्रयोग करण्यास त्याला एक शरीर हवें आहे. औषध टोचून आणि मोहनिद्रेंत घालून तो मुलाचा लांडगा करतो. पुढें एके दिवशीं शाळेंत कानाजवळ घंटा वाजते, आणि टोनी व्यायामशाळेंत एका मुलीचा जीव घेतो. शेवटीं तो डॉक्टरालाही मारतो आणि स्वतः पोलिसांच्या गोळीस बळी पडतो.

ह्या कथेंत योगायोग आहेत आणि संवाद बेताचे आहेत. तरीही तिच्यांत एक गोष्ट अगदीं रोखठोक सांगितली आहे: मुलगा स्वतःहून पशु झाला नाहीं, ज्यांच्या हवालीं तो विश्वासानें केला गेला, त्यांनीं त्याला पशु केलें. शरीरावर नको तेथें केस उगवत आहेत, आवाज बदलत आहे, राग आवरत नाहीं, आणि हें सारें कोणाला बोलून दाखवावें तें कळत नाहीं, ही अवस्था त्या वयांत कोणाची झालेली नसते? लांडग्याचा मुखवटा पाहून मुलें हंसलीं असतील. परंतु आरशापुढें उभा राहिलेला मुलगा त्यांना ओळखीचा वाटला असला पाहिजे.

दुसरें उदाहरण १९५८ सालच्या ‘दि ब्लॉब’ चें. हा रंगीत चित्रपट पेन्सिल्व्हेनियांतील गांवांत चित्रित झाला, आणि त्याचा दिग्दर्शक अर्विन यीवर्थ हा एरवीं धार्मिक चित्रपट काढणारा गृहस्थ होता. नायक स्टीव्ह मॅक्वीन चित्रणाच्या वेळीं सत्तावीस वर्षांचा असूनही शाळकरी मुलगा म्हणून उभा राहिला. आकाशांतून पडलेल्या उल्केंतून एक लिबलिबीत गोळा निघतो, माणसें गिळतो, आणि गिळील तसा फुगत जातो. स्टीव्ह आणि त्याची मैत्रीण जेन हीं दोघें तो डोळ्यांनीं पाहतात. पोलिसचौकीवर उत्तर मिळतें तें असें कीं, पोरांची थट्टा दिसते, घरीं जा. तेव्हां मुलें मोटारींचे कर्णे वाजवून सारें गांव जागें करतात. गोळा चित्रगृहांत शिरतो तेव्हां आंत बसलेले प्रेक्षक भयपटच पाहत असतात. फीनिक्सव्हिलच्या कलोनियल थिएटरांतून लोक बाहेर पळत येतात तें दृश्य इतकें लोकप्रिय झालें कीं, २००० सालापासून तेथें दर वर्षीं उत्सव भरतो आणि हौसेनें ती पळापळ पुन्हा केली जाते.

परंतु आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें शेवटाकडचें एक लहान दृश्य. गोळा थंडीनें आंखडतो असें स्टीव्हच्या ध्यानीं येतें, आणि आग विझविण्याचीं नळकांडीं हवीं होतात. तीं शाळेंत आहेत, पण शाळेला कुलूप आहे. जेनचा बाप हा त्या शाळेचा मुख्याध्यापक. तो दगड उचलतो आणि आपल्याच शाळेच्या दाराची कांच फोडतो. दुसऱ्या कोणा मुलानें तेंच केलें असतें तर ह्याच गृहस्थानें त्याला शिक्षा केली असती. ह्या एका क्षणासाठीं मुलें तिकिटाचे पैसे देत होतीं, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. राक्षसावरील विजय हा खरा विजय नव्हे. वडिलांनीं ऐकलें, हा विजय.

येथें आपल्या घरांतील आजीच्या गोष्टींची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथेंही राक्षस आहे, वड आहे, अमावास्या आहे. परंतु भीति घालणारी आजी, आणि पोटाशीं धरून ती घालविणारीही आजीच. ‘दि ब्लॉब’ मधील मुलांना भय आधीं भेटतें आणि आजी शोधावी लागते.

ह्या चित्रपटांचे दोष झांकण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत मुलीच्या वांट्यास बहुधा किंचाळणें किंवा मरणें येतें. ज्या १९५७ सालीं टोनी पडद्यावर लांडगा झाला, त्याच सालच्या सप्टेंबरांत आर्कान्सास संस्थानांतील लिट्ल रॉक येथें नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेंत जाण्यासाठीं लष्कराचा पहारा द्यावा लागला. त्या मुलांनीं शाळेच्या दाराशीं पाहिलेला जमाव कोणत्याही गोळ्यापेक्षां भयंकर होता; परंतु पडद्यावरच्या शाळेंत त्यांना जागा नव्हती. अविश्वासाची कथा सांगणाऱ्यांनीं ज्यांच्यावर सर्वांत अधिक अविश्वास दाखविला गेला त्यांनाच वगळलें, हा दोष लहान नव्हे.

तथापि मुलें असल्या चित्रपटांनीं बिघडतात, ह्या तक्रारीपुरतें आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे. १९५४ सालीं अमेरिकेच्या सीनेटच्या एका उपसमितीनें बालगुन्हेगारीचें मूळ भयकथांच्या चित्रपुस्तकांत शोधलें, आणि प्रकाशकांनीं घाबरून स्वतःवर कडक नियम लादून घेतले. चित्रपुस्तकें सौम्य झालीं. मुलांचें भय कमी झालें नाहीं, तें ड्राइव्ह-इनकडे वळलें. जें भय मुलांच्या मनांत आधींपासून आहे त्याला पडद्यावर रूप मिळालें म्हणजे तें वाढतें असें नाहीं; पुष्कळदां तें सांगण्याजोगें होतें. शंभर मोटारींत बसलेल्या दोनशें मुलांना एकाच वेळीं कळतें कीं, हें आपल्यालाच वाटत नव्हतें.

‘दि ब्लॉब’ च्या अखेरीस तो गोळा मरत नाहीं. त्याला विमानानें उत्तर ध्रुवाकडे नेऊन बर्फांत टाकतात, आणि तो प्रदेश थंड आहे तोंवर धोका नाहीं असें स्टीव्ह म्हणतो. मग पडद्यावर समाप्तीच्या अक्षरांपुढें प्रश्नचिन्ह उमटतें. १९५८ सालीं ही चित्रपट संपविण्याची एक गंमत होती. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणींत त्या समुद्रावरील उन्हाळी बर्फ एकंदरीनें घटतच आला आहे, आणि आजची मुलें तेंच वाक्य ऐकतात तेव्हां हंसत नाहींत. तीं वडिलांकडे पाहतात. आपल्या हातीं दगड आहे, पुढें कुलूप घातलेलें दार आहे. मुलांनीं जें पाहिलें तें त्यांनीं केव्हांच सांगितलें आहे.