खिशातला संगणक: नोकिया एन९०० ची कुळकथा

बीएल-५जे ही १३२० एमएएचची बॅटरी २०१० च्या सुमारास मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात सहज मिळायची. नोकिया ५८०० एक्सप्रेसम्युझिकला ती लागे, ५२३० ला लागे, आणि थ्रीजी, वायफाय यांपैकी काहीच नसूनही स्वस्तात टचस्क्रीन देणाऱ्या ५२३३ लाही तीच लागे. नोव्हेंबर २००९ मध्ये विक्रीला आलेल्या नोकिया एन९०० मध्येही नेमकी हीच बॅटरी बसे. कंपनी एक, बॅटरी एक, पडदाही नखाने किंवा स्टायलसने दाबूनच चालणारा. तरी ५२३३ खाली ठेवून एन९०० उचलणाऱ्याला फोनच्या मापाचा संगणक हाती लागल्याचं तासाभरात कळून चुके.

५२३३ मध्ये चालणारी सिम्बियन प्रणाली सही मागे. एखादं छोटं सॉफ्टवेअर टाकायचं तर त्यावर मान्यताप्राप्त डिजिटल सही हवी. ती नसली किंवा तिची मुदत संपली असली की प्रमाणपत्र चुकल्याचा संदेश येई आणि काम तिथेच थांबे. फोनची तारीख मागे नेऊन ते सॉफ्टवेअर आत सरकवण्याची युक्ती कॉलेजातली मुलं एकमेकांना सांगत. एन९०० मध्ये असं काही करावं लागत नसे. त्याच्या मेनूत ‘एक्स टर्मिनल’ हे चिन्ह कारखान्यातूनच येई. ते उघडलं की लिनक्सच्या आज्ञा थेट टाइप करता येत. एक लहानसं पॅकेज टाकलं की यंत्राचे सर्वाधिकार मालकाच्या हाती. फाइली कुठे आहेत, कुठली प्रक्रिया किती स्मृती खाते आहे, सगळं उघड.

संगणक कशाला म्हणायचं, याचं माझं उत्तर या फरकात आहे. प्रोसेसर किती वेगाने धावतो यावर मी ते ठरवत नाही. विकत घेतलेल्या यंत्राला मालक स्वतः काही नवं शिकवू शकतो का, एवढंच मी पाहतो. एन९०० चं कूळ शोधत मागे गेलं तर हाच प्रश्न दर पिढीला कोणीतरी नव्याने सोडवलेला दिसतो, आणि पुढच्या पिढीने बहुतेक वेळा ते उत्तर पुसून टाकलेलं दिसतं.

या कुळाचा एक मूळपुरुष लंडनचा. डेव्हिड पॉटर यांनी १९८० मध्ये सायॉन ही कंपनी काढली आणि १९८४ मध्ये तिने ‘ऑर्गनायझर’ विकायला आणला. सरकत्या झाकणाचं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, सोळा अक्षरांच्या एकाच ओळीचा पडदा असलेलं हे यंत्र होतं. माहिती साठवायला काढता-घालता येणाऱ्या चिपच्या पेट्या होत्या आणि त्यांच्यावरचं पुसायचं तर अतिनील किरणांचा दिवा लागे. दोन वर्षांनी ‘ऑर्गनायझर टू’ आला आणि त्याच्यासोबत ओपीएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा. माझ्या लेखी कुळकथेतला सर्वांत मोलाचा क्षण हा आहे. रस्त्यात उभं राहून, दुसऱ्या कुठल्याही संगणकाची मदत न घेता, हातातल्याच यंत्रावर त्याच यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला. मालाची मोजदाद, नोंदी, हिशेब अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या गरजा ज्याने त्याने भागवल्या. १९९१ चा सिरीज ३ आणि १९९७ चा सिरीज ५ ही याच घराण्याची पुढची मुलं. सिरीज ५ दोन पेन्सिल सेलवर चाले, आणि त्याचा कीबोर्ड इतका नेटका होता की लोक त्यावर लांबलचक मजकूर लिहीत.

सिरीज ५ च्या पोटात एआरएम घराण्याची चिप होती. तिचा जन्म केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. शोध घेतल्यावर कळलं की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांमधून येणाऱ्या संकेतांच्या झिरपत्या विजेवरच ती चालली होती. खिशातल्या यंत्राला अशीच अल्पाहारी चिप हवी होती. पुढे एन९०० मध्ये आली ती याच वंशातली, ६०० मेगाहर्ट्झची.

दुसरी शाखा फोनची. १९९४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बेलसाउथने आयबीएमचा ‘सायमन’ विकायला काढला. टचस्क्रीन, पत्ते, कॅलेंडर, फॅक्स, ईमेल हे सगळं असलेला हा फोन अर्धा किलो वजनाचा होता आणि बोलायला लागलं की तासाभरात बॅटरी संपे. पन्नास हजारांच्या आसपास विकला जाऊन तो बंद झाला. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, नोकियाचा ‘९००० कम्युनिकेटर’ आला. वरून तो जाडजूड फोन दिसे. मधून उघडला की आत पूर्ण कीबोर्ड आणि रुंद, करडा पडदा. वजन ३९७ ग्रॅम. त्यात इंटेलची ३८६ चिप होती.

या ३८६ शी फिनलंडचं आणखी एक नातं आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌सने ज्या घरच्या संगणकावर लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तोही ३८६ चाच. नोकियाचं मुख्यालय हेलसिंकीला लागूनच असलेल्या एस्पो शहरात. म्हणजे खिशातला कीबोर्डवाला फोन आणि लिनक्स ही एकाच देशात, पाच वर्षांच्या अंतराने, एकाच जातीच्या चिपवर जन्मलेली अपत्यं. त्यांची गाठ पडायला मात्र पुढची अनेक वर्षं गेली.

मधल्या काळात गाठ पडली ती सायॉन आणि नोकियाची. १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी उभी केली. सायॉनची ईपॉक प्रणाली फोनसाठी वाढवायची असं ठरलं. सुरुवातीला या प्रणालीवर बाहेरचं सॉफ्टवेअर सहज चढे. २००३ चा नोकिया ६६०० आपल्याकडे ज्यांनी वापरला त्यांना ब्लूटूथवरून एकमेकांना पाठवलेले खेळ आठवत असतील. मग जून २००४ मध्ये कॅबिर हा ब्लूटूथवरून पसरणारा किडा सापडला, पाठोपाठ कॉमवॉरिअर आला, आणि सिम्बियनच्या नवव्या आवृत्तीपासून सहीचा कडक बंदोबस्त बसला. भीती खोटी नव्हती. पण उपाय असा निघाला की चोराला अडवणारी कडी घरमालकालाही बाहेर ठेवू लागली. रस्त्यात उभं राहून प्रोग्रॅम लिहू देणाऱ्या ऑर्गनायझरचा वारस परवानगीशिवाय काही चढवू देईना, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच वर्षांत भारतातही एक प्रयत्न झाला, आणि तो विसरला जाऊ नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’ सादर केला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा संगणक. गावातल्या अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरावं आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर राहावी, अशी योजना होती. आराखडाही खुल्या परवान्याखाली दिलेला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. पण त्यावरून साधा फोन करता येत नव्हता, आणि तोवर टॉर्चवाला नोकिया ११०० गावोगाव पोचला होता. लोकांना आधी बोलायचं होतं. कल्पना काळाच्या पुढे होती, आणि सरकारने मोठ्या प्रमाणावर खरेदी करून तिला हात दिला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं मत आहे.

नोकियातल्या एका छोट्या गटाने २००५ मध्ये ‘७७०’ काढला. आरी याक्सी या गटाचे प्रमुख होते. ८०० गुणिले ४८० ठिपक्यांचा चार इंची पडदा, ६४ एमबी स्मृती, आणि डेबियन लिनक्सवर उभी केलेली ‘मेमो’ ही प्रणाली. त्यात सिम कार्डाला जागाच नव्हती. इंटरनेट वायफायने किंवा खिशातल्या दुसऱ्या फोनवरून ब्लूटूथने घ्यायचं. फोन नाही म्हणून मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अटी नाहीत आणि घरातल्या सिम्बियनशी भांडण नाही. त्यामुळे गटाला मोकळेपणाने काम करता आलं. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यांनी सोबत घेतलं. २००७ मध्ये एन८०० आणि सरकता कीबोर्ड व जीपीएस असलेला एन८१० आला. पाच पायऱ्यांचा प्रवास आखला होता. चौथी पायरी एन९००, आणि तिथे पहिल्यांदा सिम कार्ड बसलं.

या चौथ्या पायरीवर थोडं थांबायला हवं. १८१ ग्रॅमचं हे जाड यंत्र. साडेतीन इंची पडदा, खालून सरकत बाहेर येणारा तीन ओळींचा कीबोर्ड, २५६ एमबी स्मृती आणि तिला जोड म्हणून साठवणीतली ७६८ एमबी स्वॅप जागा, ३२ जीबी साठवण, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा. एफएम ट्रान्समीटर होता, त्यामुळे फोनमधलं गाणं जवळच्या रेडिओवर वाजवता येई. उघडलेल्या सगळ्या कामांच्या जिवंत छोट्या खिडक्या एकाच पडद्यावर मांडलेल्या दिसत. एकातून दुसऱ्यात जाताना मागचं काम थांबत नसे. ब्राउझर मोझिलाच्या गाभ्याचा, मोठ्या संगणकावर दिसतं तसंच पान दाखवणारा.

उणिवाही ठळक होत्या. फोन उभा धरला तर बरीचशी सॉफ्टवेअरं आडवीच राहत. आणि एमएमएस पाठवण्याची सोयच दिली नव्हती, जी तेव्हाच्या साध्या फोनांतही असे. पुढे जे झालं त्यासाठी मी या यंत्राला थोर मानतो. वापरणाऱ्यांपैकी एकाने ‘एफएमएमएस’ लिहून सगळ्यांना फुकट दिलं. कोणी प्रोसेसरचा वेग वाढवणारा गाभा तयार केला, कोणी इन्फ्रारेडवरून टीव्ही चालवला, कोणी त्यावर पूर्ण डेबियन चढवलं. कंपनीने अपडेट थांबवल्यावर वापरकर्त्यांनी आपली अपडेटं काढायला घेतली. सिम्बियनवाल्याच्या हाती तक्रार करून वाट पाहणं एवढंच होतं. एन९०० वाल्याला उणीव स्वतः भरून काढता येत होती.

पाचवी पायरी घाईघाईत आली आणि तिथे जिना संपला. फेब्रुवारी २०१० मध्ये मेमो आणि इंटेलची मॉब्लिन प्रणाली एकत्र करून ‘मीगो’ जाहीर झाली. सप्टेंबरमध्ये स्टीफन एलप नोकियाचे प्रमुख झाले. ११ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी हातमिळवणी जाहीर केली. जूनमध्ये अतिशय देखणा एन९ जाहीर झाला खरा, पण त्याच्यामागून दुसरा मीगो फोन येणार नाही हे तेव्हाच ठरलं होतं. मीगोवर काम करणाऱ्या गटातल्या काहींनी योला ही कंपनी काढून २०१३ मध्ये सेलफिश प्रणालीचा फोन आणला. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोनधंदा ताब्यात घेतला. सिम्बियन धापा टाकत होती हे खरं आहे. पण हाती असलेली, स्वतःच्या माणसांनी घडवलेली प्रणाली सोडून परक्याच्या प्रणालीवर सगळं लावणं ही मला त्या कंपनीची सर्वांत मोठी चूक वाटते.

मराठी वाचणाऱ्यांसाठी या मोकळेपणाला वेगळं वजन होतं. त्या वर्षांत बऱ्याच स्मार्टफोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या आतल्या मांडणीत जाऊन जटिल लिप्यांसाठी चित्ररूपी अक्षरं वापरा, असा पर्याय चालू करायचा, मग मराठी ब्लॉग आणि वर्तमानपत्रं कशीबशी वाचता येत. आपल्या लिपीची सोय कधी करायची हे दूरच्या कुठल्या तरी कार्यालयात ठरे. लिनक्सच्या जगात तोवर ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्यावर उपलब्ध होते. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. यंत्राचे फोल्डर मालकाला उघडे असतील तर असा फॉन्ट आत टाकून पाहायला कोणाला विचारावं लागत नाही. लहान बाजारपेठेच्या भाषांना उघड्या यंत्राची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे ती याचमुळे.

आज आपल्या खिशात एन९०० च्या कितीतरी पट ताकदीची यंत्रं आहेत. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. पण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम, बहुधा कुलूपबंद असतो, आणि उत्पादकाने सुरक्षा-अपडेट थांबवले की धडधाकट फोन कपाटात जातो. एन९०० मात्र अजून निवृत्त झालेला नाही. मेमोचा वारसा चालवणारी ‘मेमो लेस्टे’ आणि २०१७ मध्ये सुरू झालेली ‘पोस्टमार्केटओएस’ या दोन्ही स्वयंसेवी प्रणाली त्यावर चालतात. पोस्टमार्केटओएस तर इतर अनेक जुन्या फोनांनाही आधार देते.

म्हणून दोन विनंत्या. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांसोबत हेही विचारा, की याचा बूटलोडर अधिकृतपणे उघडता येतो का आणि सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार. आणि घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर भंगारात देण्याआधी तो पोस्टमार्केटओएसच्या यादीत आहे का ते पाहा. रोजच्या वापराच्या फोनवर हा प्रयोग करू नका, कारण बूटलोडर उघडल्यावर बँकांची अ‍ॅप चालायला नकार देऊ शकतात. जुन्या फोनवर जरूर करा, आणि शाळा-कॉलेजात शिकणारं कोणी घरात असेल तर त्याला शेजारी बसवून करा.