झापोरोझेत्स : एका लोकमोटारीचा इतिहास

ज्या राज्यव्यवस्थेने खाजगी मालमत्तेकडे सदैव संशयाने पाहिले, तिलाच सामान्य नागरिकाच्या दारी त्याच्या स्वतःच्या मालकीची मोटार उभी करण्याचा संकल्प करावा लागला, हे सोव्हिएत संघाच्या इतिहासातील एक मननीय प्रकरण आहे. तत्कालीन सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांचा स्वतःचा ओढा भाड्याच्या मोटारींचे सार्वजनिक ताफे उभारण्याकडे होता. परंतु महायुद्धाची झळ सोसून नव्याने संसार मांडणाऱ्या लोकांची आकांक्षा कोणत्याही तात्त्विक प्रतिपादनाने शमणारी नव्हती, आणि त्या आकांक्षेला सरकारने दिलेले मर्यादित, काहीसे नाखुशीचे उत्तर म्हणजे ‘झापोरोझेत्स’ ही मोटार.

तिचे जन्मस्थान युक्रेनमधील, नीपर नदीकाठचे झापोरिझ्झिया शहर. तेथील कारखाना १८६३ साली अब्राहम कोप या मेनोनाइट पंथीय उद्योजकाने शेतीची अवजारे घडविण्यासाठी काढला. क्रांतीनंतर तो सरकारजमा होऊन ‘कोमुनार’ या नावाने कापणी-मळणीची यंत्रे तयार करू लागला. आणि १९५८ च्या अखेरीस निघालेल्या सरकारी हुकमान्वये, शेतीच्या यंत्रांवर ज्यांचा हात बसलेला, त्या कारागिरांकडे मोटारीचे अपरिचित काम सोपविण्यात आले. नोव्हेंबर १९६० मध्ये ‘झाझ-९६५’ या पहिल्या झापोरोझेत्सचे नियमित उत्पादन सुरू झाले.

इटलीची फियाट ६०० पुढे ठेवून मॉस्कोच्या ‘मॉस्कविच’ कारखान्यातील अभियंत्यांनी तिचा आराखडा आखला, यास्तव तिला निव्वळ नक्कल म्हणून निकालात काढण्याचा प्रघात पडला आहे. पण तो न्याय्य नव्हे. कच्च्या रस्त्यांचा विचार करून बारा इंचांऐवजी तेरा इंचांची चाके घेण्यात आली. आरंभी योजिलेले मोटारसायकलचे इंजिन दुर्बळ ठरताच व्ही आकाराचे, चार सिलिंडरांचे, तेवीस अश्वशक्तीचे इंजिन स्वीकारण्यात आले, आणि त्याच्या उत्पादनाचा भार मेलितोपोलच्या कारखान्याने उचलला. हे इंजिन पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होई, म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी गोठून यंत्र फुटण्याची धास्ती उरली नाही. मात्र त्यामुळेच आतील माणसांना ऊब देण्यासाठी पेट्रोल जाळणारी स्वतंत्र शेगडी बसवावी लागली. किंमत अठराशे रूबल, म्हणजे त्या काळच्या सरासरी कामगाराच्या जवळजवळ दोन वर्षांच्या वेतनाइतकी होती. आणि एवढ्या रकमेची जुळवाजुळव केल्यावरही प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागेच.

परंतु या मोटारीच्या इतिहासातील सर्वांत आदरणीय पान अपंगांच्या गाडीचे आहे. महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या असंख्य सैनिकांच्या नशिबी तोवर फार तर सेर्पुखोव्ह येथील, मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी, कापडी छताची दोन आसनी गाडी येई. झापोरोझेत्सच्या खास आवृत्त्या निघाल्या, त्यांपैकी काही एकच पाय शाबूत असलेल्यांसाठी होत्या, तर काहींत क्लच, ब्रेक आणि वेग यांचे नियमन केवळ हातांनी करण्याची सोय होती. समाजकल्याण खात्यामार्फत त्या विनामूल्य अथवा सवलतीने मिळत. बंद छपराखाली, शेजारी पत्नी आणि मागे मुले बसवून, कोणाच्याही आधाराची याचना न करता गावाबाहेर जाता येणे, हे ज्याला युद्धाने खाटेशी जखडून टाकले होते, त्याच्या दृष्टीने केवढे स्वातंत्र्य असेल, याचा अंदाज धडधाकट माणसाला सहजी येणार नाही.

पुढे पहिल्या मोटारीला ‘कुबडवाली’ आणि १९६६ नंतर आलेल्या, दोन्ही अंगांना हवा घेणारी झापे असलेल्या मोटारीला ‘मोठ्या कानांची’ अशी नावे पडली. तिच्यावरील विनोदांना तर सीमाच राहिली नाही. टोल्याट्टी येथील ‘झिगुली’ १९७० पासून बाजारात येऊ लागताच तिची प्रतिष्ठा आणखी घसरली. तरीही ती १९९४ पर्यंत निघतच राहिली, आणि एकूण संख्या सुमारे चौतीस लाखांवर गेली. तिचा आवाज कर्कश होता, ती वारंवार दुरुस्ती मागे, हे सारे खरे. परंतु लोकमोटारीची परीक्षा वेगावर व डौलावर होत नाही. ज्यांच्यासाठी दुसरे कोणतेही वाहन नव्हते, त्यांपैकी कितीजणांना तिने रस्त्यावर आणले, यावर ती व्हावी, आणि त्या कसोटीस ही कुचेष्टिलेली मोटार निःसंशय उतरते.