काचेवरचा पापुद्रा

तावदान हा शब्द फारसीतील ताबदानावरून मराठीत आला. ताब म्हणजे तेज, आणि त्या तेजाला घरात वाट करून देते ते ताबदान. नाव असे उजेडाचे असले, तरी अंबरनाथच्या आयुधनिर्माणीपासून बदलापूरच्या खरवई-मानकिवलीपर्यंतच्या कारखान्यांच्या शेजाराने ज्यांनी संसार मांडले, त्यांना तावदानाची दुसरी ओळखही पटलेली आहे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, तेव्हा सुमारे दोन किलोमीटरच्या परिघातील इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत तोच प्रकार पुन्हा घडला. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत खरवईतील एका रासायनिक कारखान्याच्या स्फोटाने बदलापूरकर पहाटे दचकून जागे झाले. अशा वेळी आग कारखान्यात लागते, परंतु दूर आपल्या खिडकीशी उभे असलेले माणूसही रक्तबंबाळ होते. कारण हवेच्या धक्क्याने साधी काच सुरीसारख्या पात्यांत फुटते, आणि ती पाती घरातच येऊन पडतात.

त्या पात्यांना धरून ठेवणाऱ्या पापुद्र्याचे, म्हणजे काचेवर लावायच्या फिल्मचे, कूळ शोधू गेल्यास ते दुसऱ्या महायुद्धातील कागदी पट्ट्यांपाशी पोहोचते. बाँबच्या भयाने त्या काळी लोक खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या खळीने चिकटवीत. पुढे, कागदापेक्षा विरळ विणीचे कापड अधिक धरून ठेवते असा अनुभव आल्यावर, लंडनच्या बसगाड्यांच्या आणि भुयारी रेल्वेच्या काचांवर तशी जाळी डकवण्यात आली. आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, सुमारे १,४०० टन स्फोटके वाहणारे फोर्ट स्टिकीन हे जहाज उडाले आणि बारा किलोमीटरपर्यंतच्या खिडक्या फुटल्या. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, अंबरनाथच्या आमच्या घरी वडिलांनी कणकेची खळ शिजवून खिडक्यांना खाकी कागद डकवला होता. तो कागद ब्लॅकआउटच्या हुकमासाठी आहे असे मी समजत असे. काच अंगावर येऊ नये हाही त्यांचा हेतू होता, हे मला फार पुढे कळले.

काचेतच पडदा घालण्याची कल्पना महायुद्धातील त्या पट्ट्यांहून जुनी. एदुआर बेनेदिक्तुस ह्या फ्रेंच कलावंताच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेतील एक चंबू पडला, तडकला, परंतु विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याचे एकस्व मिळवले. तथापि ती नव्या काचेची तजवीज झाली. चौकटीत आधीच बसलेल्या काचेचे काय, ह्याचे उत्तर पॉलिएस्टरने दिले. व्हिनफील्ड व डिक्सन ह्या ब्रिटिश रसायनज्ञांनी १९४१ मध्ये ते घडवले, पुढील दशकात ते दोन्ही दिशांना ताणून त्याचा चिवट, पारदर्शक पडदा निघू लागला, आणि १९६६ मध्ये थ्रीएम कंपनीला खिडकीवर लावावयाच्या फिल्मचे एकस्व मिळाले. तिचा हेतू ऊन अडवण्याचा होता. त्याच फिल्मची जाड, बिनरंगी बहीण पुढे रक्षणासाठी वापरात आली. ह्या धंद्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, ही अभिमानाची गोष्ट मुद्दाम नोंदवतो: आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) कारखान्यांतून पॉलिएस्टर आणि त्यावरून खिडकीची फिल्म तयार होऊन परदेशीही जाते.

लोकांच्या मनात मात्र फिल्म म्हटले की मोटारीची काळी काचच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मोटारींच्या काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली. त्या निकालाचा घराच्या खिडकीशी काहीएक संबंध नाही, हे मला आमच्या सोसायटीच्या सभेत दोनदा सांगावे लागले.

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या आमच्या घराच्या खिडक्यांना फिल्म लावली. मूल धडकण्याची भीती एवढीच असेल तर १०० मायक्रॉनची पुरते. आमच्या खिडक्या कारखान्यांच्या दिशेला, म्हणून २०० ची घेतली, तीही बिनरंगी, कारण गडद फिल्मने काच तापून तडकण्याचा संभव असतो. कारागिराने काचेची आतली बाजू साबणाच्या पाण्याने धुतली, रंगाचे ठिपके ब्लेडने खरवडले, फिल्मचा पाठीचा कागद सोलून डिंकाच्या बाजूवरही तेच पाणी फवारले, मग ती काचेवर सरकवून नेमकी बसवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी रेटीत नेले. न्हाणीघराच्या नक्षीच्या काचेला मात्र त्याने हात लावला नाही. खडबडीत पृष्ठावर डिंक धरत नाही. मी विचारले, आता काच फुटणार नाही ना? तो म्हणाला, “काका, फुटायची ती फुटणारच. ही तिला फक्त धरून ठेवते.”

आणि येथेच बहुतेक लोक चुकतात. फिल्म नुसत्या काचेपुरती असेल तर जोराच्या धक्क्याने फुटलेली काच पापुद्र्यासकट चौकटीतून निखळून सबंध आत येऊ शकते. म्हणून फिल्मची कड सिलिकॉनच्या धारेने चौकटीशी जखडावी लागते. ह्या कामाचा दर वेगळा पडतो, आणि काटकसर नेमकी तेथेच होते. मी ती होऊ दिली नाही.

बदलापूरच्या दमट हवेत डिंकाखालचे पाणी सुकेना. काचेवर दुधी ढग दिसत राहिले, ते जाण्यास श्रावण संपावा लागला. आता समोरच्या शाळेसाठी अर्ज दिला आहे. जिन्यातल्या आणि वर्गांतल्या चौतीस तावदानांचे माप झाले असून, दिवाळीच्या सुटीत, हवा कोरडी झाल्यावर, काम धरावयाचे ठरले आहे.