पांढरीचे देणे

२०१० साली जनगणनेपूर्वीची घरयादी करण्याचे काम आम्हा शाळामास्तरांकडे आले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या एका खेड्यात मी दारोदार हिंडत होतो. एका धाब्याच्या घरापुढे एक म्हातारी सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. घराला खोल्या किती, असे विचारताच तिने सूप खाली ठेवले आणि मलाच उलट सवाल केला, "मास्तर, ह्या लिवण्यानं घरपट्टी वाढन काय?" नाही वाढणार, असे मी परोपरीने सांगितले. तरी तिने खोली एकच सांगितली. मागच्या खोलीतून शेळी ओरडत होती. तिकडे तिने लक्ष दिले नाही. मी कागदावर काय लिहिले, ते येथे सांगत नाही.

तेव्हा मला हसू आले होते. पुढे फावल्या वेळात जुनी गॅझेटियरे चाळू लागलो, आणि ध्यानात आले की म्हातारीची भीती तिच्या एकटीची नव्हती. ती तिला वारशाने आलेली होती.

आपल्या गावाचे दोन भाग. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी पिकते, म्हणून तिच्यावर सारा बसतो, हे कुणब्याला समजते. पण पांढरीत काय पिकते? तेथे माणूस जन्मतो, निजतो आणि मरतो. तिच्यावर देणे कशाचे? राज्यकर्त्यांनी मात्र हा प्रश्न फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात शेती न करणाऱ्या लोकांवर जो कर होता, त्याचे नावच मुळी 'पांढरी' असे होते. इंग्रजांनी राज्य घेतले तेव्हा हा करही घेतला, आणि मध्यप्रांतात तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालवला. पेशवाईत दुकानदार व कारागीर यांच्यावर मोहतर्फा होता, वजनेमापे तपासण्याची बटछपाई होती, आणि घरपट्टीही होती. मौज अशी की ब्राह्मण आणि गावकामगार यांना घरपट्टी माफ असे. ज्यांच्या हाती लेखणी, त्यांच्या घराला पट्टी नाही!

आमच्या वऱ्हाडात तर दुअमली. निजामाचा अंमल निराळा, भोसल्यांचा निराळा, आणि मधून फौजा जात-येत त्या निराळ्याच. १७६१ साली मलकापूरकरांनी रघुनाथरावाच्या फौजेला ६०,००० रुपये देऊन गावाची लूट टाळली, अशी नोंद आहे. हा आकडा वाचला की माझ्यातला कादंबरीकार जागा होतो. हे साठ हजार कोणी कोणाकडून, कशा हिशेबाने गोळा केले असतील? सावकाराच्या वाड्याला किती लावले, आणि कोपऱ्यावरच्या तेल्याला किती? दाराकडे पाहून रक्कम ठरवणारा कोणीतरी माणूस त्या रात्री गल्लीगल्लीतून फिरला असणारच. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की गावाला तट बांधण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले, अशी कथा आहे. पुढे पेंढाऱ्यांनी आणि दुष्काळाने त्याच मेहकरची दैना केली. चांगले घर दिसणे हेच ज्या काळात संकट होते, त्या काळात दर्शनी भिंत मातीची ठेवून चिरेबंदी आत दडवणे हा शहाणपणाच म्हटला पाहिजे.

हे काही आपल्याच देशी घडले असे नव्हे. इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला. लोकांनी काय करावे? खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहिले. तो कर १८५१ पर्यंत टिकला. बुजवलेल्या खिडक्या तिकडच्या जुन्या घरांवर आजही दिसतात म्हणे. त्याच इंग्रजांनी १८१० साली काशीत घरांवर कर बसवला, तेव्हा काशीकरांनी दुकाने बंद केली, घरांना कुलपे लावली आणि ऐन थंडीत हजारो माणसे उघड्या मैदानात जाऊन बसली. ज्या घरासाठी कर मागता ते घरच सोडले, आता घ्या! अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. गांधीजींच्या शंभर वर्षे आधीचा हा सत्याग्रह आपण शाळेत शिकवत नाही, याचे मला मास्तर म्हणून वाईट वाटते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. कापसाला भाव आला, खामगावची बाजारपेठ फुगली. १८६७ त तेथे नगरपालिका झाली, आणि १८७० त जलंबहून रेल्वेचा फाटा आला. शेगावला १८८१ त, बुलढाण्याला १८९३ त नगरपालिका आली. दिवे, झाडू, रस्ते, पाणी यांसाठी पैसा हवा, तो नगरानेच उभा करावा, हे त्यातले तत्त्व. लुटीच्या खंडणीत आणि ह्या पट्टीत फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही: येथे कर देणारा सकाळी उठून "माझ्या गल्लीत दिवा का नाही?" असे विचारू शकतो.

नगरपालिकेचा हिशेब काय, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल, हे आधी धरायचे. त्यातून डागडुजीसाठी शेकडा दहा वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, महिना पाचशे भाडे धरले, तर वर्षाचे सहा हजार, वजा सहाशे, राहिले पाच हजार चारशे. त्यावर ठरावाप्रमाणे शेकडा अमुक. १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही रीत सर्व नगरपालिकांत एकसारखी केली, आकारणीची यादी लावून हरकती ऐकण्याचे बंधन घातले, आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी ठेवली. पण ज्या गल्लीत सात पिढ्यांत कोणी भाडेकरू ठेवला नाही, तेथे भाडे धरायचे कशावरून? साहेबाच्या अंदाजावरून. वादाचे मूळ येथेच आहे. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून घरपट्टीकडे सर्वांचे डोळे अधिकच लागले.

खेड्यात ग्रामपंचायत. १९५८ च्या कायद्याने तिला घरांवर कर बसवण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही दिले. मध्यंतरी चौरस फुटांवर कर होता. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि घराच्या भांडवली मूल्यावर तो आला. जागेचा दर, बांधकामाचा दर, घराचे वय, वापर राहण्याचा की दुकानाचा, असे सारे त्यात येते. झोपडी वा मातीचे घर, दगडमातीचे, चुना-सिमेंटचे पक्के आणि आर.सी.सी., अशा चार जाती. माणसांच्या जाती मोडायला निघालो, घरांच्या मांडून बसलो! अर्थात ह्या उतरंडीत खालच्याला कमी आणि वरच्याला जास्त पडते, एवढा न्याय तिच्यात आहे. आणि थकबाकीदाराला पंच राहता येत नसल्यामुळे निवडणूक आली की वर्षानुवर्षे न दिसलेली माणसे पावतीपुस्तकासमोर रांगेत उभी दिसतात.

पण पट्टीपेक्षा पट्टीच्या वहीची सत्ता मोठी. ही वही म्हणजे नमुना आठ. कायद्याच्या दृष्टीने ती कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. गावाच्या दृष्टीने मात्र वहीत ज्याचे नाव त्याचे घर. हे मी ऐकीव सांगत नाही. माझे वडील जिनिंगच्या नोकरीसाठी बाहेरगावी राहिले. गावचे घर काकांच्या हवाली. पट्टीही तेच भरत. आधी काकांचे नाव भोगवट्याच्या रकान्यात आले, पुढच्या फेरआकारणीत ते मालकाच्या रकान्यात सरकले. कोणी कट केला असे मी म्हणत नाही. पैसे देणाऱ्याचे नाव लिहिणाऱ्याने लिहिले, इतकेच. वडील वारले, आम्ही गावी परतलो, तेव्हा ज्या भिंती माझ्या मायने तीस वर्षे सुटीसणाला येऊन सारवल्या, त्या घरात ती वहीप्रमाणे पाहुणी ठरली होती. काका म्हणाले, "वहिनी, राहा की, तुम्हाला कोण हाकलतं?" मायला ते शब्द हाकलण्यापेक्षा जड गेले.

२००३ साली शासनाने घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा निर्णय काढला होता. वडील हयात असताना आम्हांपैकी कोणाला तो ठाऊकच नव्हता. मग अर्ज, जुन्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब, सभेचा ठराव. दोन वर्षे गेली. काकांनीच शेवटी सही केली. सही करताना त्यांचा हात कापत होता, हे लिहिले पाहिजे. २०२० पासून ड्रोन उडवून गावठाणे मोजण्याचे काम निघाले आणि मालमत्तेच्या सनदा मिळू लागल्या. सनदेने अशी भांडणे कमी होतील, असे मला वाटते.

मायला वाचता येत नाही. दर वर्षी मार्चच्या आत ती स्वतः पंचायतीत जाते, लुगड्याच्या गाठीतले पैसे मोजून देते आणि पावती घरी आणून माझ्या हातात ठेवते. मी रक्कम वाचू लागलो की ती मला थांबवते.

"पैशाचं राहू दे," ती म्हणते, "नाव वाच."